ताईसाठी राखलेलं घर

आई गेल्यावर वर्षभर घराचा विषय कुणी काढला नाही. मग एका रविवारी बापूने तो काढला, आणि त्या दिवसापासून ताईला रविवार म्हणून काही उरलं नाही.

भावंडं तिघं. ताई थोरली, साठीला टेकलेली, लग्न न केलेली, त्याच घरात राहणारी. बापू मधला, एका शीतगृहात मॅनेजर. दिवसभर थंडीत वावरून त्याचं डोकं मात्र कायम तापलेलं. आणि धाकटी, जिचे स्वतःचे केस पिकले तरी घरात सगळे छोटीच म्हणत. ती शाळेत भूगोल शिकवायची. कुठलाही कागद टेबलावर पसरला की त्यात उत्तर दिशा कुठे आहे, हे ती आधी विचारायची.

घर वडिलांनी बांधलेलं, पण एका दमात नव्हे. वडील पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. हाताशी चार पैसे आले की एक खोली चढवायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे कुठल्याही दोन खोल्यांची जमीन एका पातळीत नव्हती. बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना एक पायरी उतरायची, तिथून आईच्या खोलीत जाताना दोन चढायच्या. आईची खोली सगळ्यात शेवटी बांधलेली, म्हणून ती घराच्या कुशीतून कोपर काढल्यासारखी बाहेर आलेली. पंपवाल्याचंच घर, तेव्हा पाण्याची व्यवस्था तर विचारायलाच नको. तीन टाक्या, त्यांना जोडणाऱ्या नळ्यांचं जाळं आणि भिंतीभिंतीला चाव्या. अंघोळीचं पाणी हवं तर मागची चावी अर्धी फिरवायची, पुढची पूर्ण बंद करायची आणि पंपाने कुरकुर केली की त्याला जरा दम खाऊ द्यायचा. वडील गेल्यावर हे सगळं ताईकडे आलं. वारसा म्हणतात तो हाच, असं ती कधीकधी हसून म्हणायची.

घराच्या मागे लांबट जमीन होती. तिथे वडिलांना मोठं वर्कशॉप टाकायचं होतं, ते पायाच्या दगडांवरच थांबलं. आता तिथे गंजलेल्या नळ्या, पाच-सहा जुनी झाडं आणि कमरेइतकं रान. रान वाढलं की शेजारी तक्रार करायचे, मग नगरपालिकेचा माणूस यायचा, मग ताई मजूर शोधायची, रान कापून घ्यायची. काही महिन्यांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

ताईचा स्वतःचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन पाठवायचे, ताई त्यावरून प्लास्टरचा साचा करायची, मेणात एकेक दात बसवायची, मग मेणाच्या जागी पक्का गुलाबी मसाला भरून, शिजवून, घासून, चकाकी आणून कवळी परत पाठवायची. बैठकीला लागून असलेली अरुंद खोली हेच तिचं कामाचं ठिकाण. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्या खोलीतून बाहेर पडलं होतं.

तर बापूने विषय काढला तो असा, की मागच्या जमिनीवर इमारत उभी करावी. जागा पडून आहे, बिल्डर ओळखीचा आहे, आणि आपण तिघंही काही तरुण होत नाही. पुढचं घर मात्र हलवायचं नाही.

"घर ताईचं आहे," तो म्हणाला. "त्याला आपण हात लावायचा नाही. ताईसाठी ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे."

छोटीला इमारत नको होती. तिचं म्हणणं, मागे चार-पाच छोटी बैठी घरं बांधावीत, झाडं तशीच ठेवावीत, तिथे निवांत राहू इच्छिणारे भाडेकरू आणावेत. पुढच्या घराबद्दल मात्र तिचं आणि बापूचं एकमत होतं. ताईचा जीव त्या घरात अडकलेला आहे, ती भाडेकरूंना सोबत होईल, भाडेकरू तिला सोबत होतील.

ताई तेव्हा चहा गाळत होती. दोघांनीही आपल्याला मध्ये ठेवून बोलावं याचं तिला बरं वाटलं. काही झालं तरी, भावंडांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं नाही, हे साठीच्या बाईला ऐकायला आवडतंच.

छोटीच्या नवऱ्याचा एक मित्र आर्किटेक्ट होता. त्याला बोलावलं. माणूस शांत, कमी बोलणारा, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारा, आणि म्हणूनच या कुटुंबात फसलेला. त्याने जागा मोजली आणि पहिल्याच रविवारी घोडं कुठे अडतंय ते सांगितलं. मागे काहीही बांधायचं झालं तरी तिथपर्यंत गाडी जाईल एवढा रस्ता हवा, तसा नियमच आहे. आणि घराच्या कडेने तेवढी जागा नाही. आईची खोली आड येते.

आईची खोली पाडायची? छोटीच्या डोळ्यांत लगेच पाणी. बापू म्हणाला, खोली कशाला पाडायची, दुसऱ्या बाजूने रस्ता काढा. दुसऱ्या बाजूने काढला तर ताईची कामाची खोली जात होती. मग ताई काम कुठे करणार? मग कामाची खोली स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघर आईच्या खोलीत. मग टाक्या? टाक्या गच्चीवर. गच्ची तेवढं वजन पेलेल का? आर्किटेक्ट म्हणाला, बघावं लागेल.

असे रविवारमागून रविवार गेले. दर वेळी नवा नकाशा यायचा, टेबलावर पसरायचा, त्याच्या चार कोपऱ्यांवर ताई चार कप ठेवायची. बापू आणि छोटी एकमेकांकडे न बघता आर्किटेक्टशी बोलायचे. बापूने एकदा म्हटलं, आई मला सांगून गेली आहे की जमीन पडीक ठेवू नकोस. छोटी म्हणाली, मला तर सांगितलं होतं की झाडं तोडू देऊ नकोस. दोघांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, मला काही सांगितलं नाही.

ते खरं नव्हतं. शेवटच्या आजारपणात, एका दुपारी पंप बंद पडून ताई बादल्या भरून आणत होती, तेव्हा आई पडल्या पडल्या म्हणाली होती, "मला या घराचा वीट आलाय गं." ताईला तेव्हा वाटलं होतं, दुखण्याने बोलतेय. असलं बोलणं कुणाला सांगायचं असतं का?

संध्याकाळी सगळे गेले की कप विसळायचे, खुर्च्या सरकवायच्या, नकाशाची गुंडाळी आधीच्या गुंडाळ्यांशेजारी उभी करायची. कोपऱ्यात त्यांचा जुडगा वाढत चालला होता. ताईला एक विचित्र थकवा यायला लागला. काम करून येतो तो थकवा तिच्या ओळखीचा होता. त्याच्यावर झोप हे औषध असतं. हा थकवा झोपून उठलं तरी पायथ्याशी बसलेलाच असायचा.

आणि मग तिची पाठ गेली. झालं इतकंच, की मागची चावी गंजून घट्ट बसली होती. ताईने दोन्ही हातांनी जोर लावला, कमरेत काहीतरी सटकलं आणि ती तिथेच भिंतीला धरून खाली बसली. फोन आत टेबलावर. बऱ्याच वेळाने कवळी न्यायला आलेल्या माणसाने हाका मारल्या तेव्हा ती सापडली. तो माणूस दातांच्या डॉक्टरबाईंकडचा. त्यानेच बाईंना फोन लावला.

या डॉक्टरबाई ताईच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. वयाने ताईपेक्षा लहान, पण सल्ला देताना आजीसारख्या. हाडांच्या डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही, पायऱ्या जपून, असं बजावलं, तेव्हा त्या घराकडे एकदा बघून त्या म्हणाल्या की या घरात पायऱ्या जपायच्या म्हणजे बैठकीतच मुक्काम ठोकावा लागेल. छोटी ताईला आपल्याकडे न्यायला तयार होती, पण तिच्या घरी आधीच सासू-सासरे, मुलगी, जावई, तान्हं नातवंड. बापूकडे तिसरा मजला, लिफ्ट बंद. शेवटी डॉक्टरबाईंनीच तोडगा काढला. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावरच, एक खोली रिकामी होती. थोडे दिवस तिथे राहा म्हणाल्या.

खोली म्हणजे खोलीच. एक पलंग, एक कपाट, एक ओटा, त्याला लागून मोरी. उत्तरेला मोठी खिडकी, तिच्यातून गल्ली दिसायची. पहिल्या सकाळी ताईने तोंड धुवायला नळ सोडला आणि नळातून पाणी आलं. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. कुठली चावी नाही, पंप नाही, कान देऊन ऐकणं नाही. नळ सोडला, पाणी आलं. बंद केला, थांबलं. जगात बहुतेक लोकांकडे असंच असतं, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण तिने चुळा भरल्या, तोंड धुतलं, आणि परत एकदा नळ सोडून बघितला.

ती पुष्कळ झोपली. दुपारी झोपली, जेवून झोपली, पुस्तक छातीवर ठेवून झोपली. वाऱ्याचा आवाज आला तर पत्रा उडाला का म्हणून उठावं लागत नव्हतं. पाठ बरी होत गेली तसं तिने खिडकीपाशी टेबल लावून घेतलं आणि थोडं थोडं काम सुरू केलं. उत्तरेचा उजेड दातांचा रंग जुळवायला उत्तम. तिच्या कामाच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागायचा.

डॉक्टरबाईंनी एकदा सहज विचारलं, आता हिंडता-फिरता येतंय, घरी कधी जायचं म्हणता? त्यांना खोली हवी होती असं नाही, आपलं विचारलं. ताई म्हणाली, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात म्हणाली, जरा कळ येते अजून. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिने हातातल्या कवळीचं निमित्त सांगितलं. डॉक्टरबाई बरं म्हणाल्या. पण ताईने आपलं ते निमित्त स्वतःच ऐकलं. शाळा बुडवायला पोरं पोटदुखी काढतात, तशी आपण या वयात पाठदुखी काढून बसलोय, हे तिच्या लक्षात आलं. आणि ते लक्षात आलं त्या दिवशी ती दुपारची झोपली नाही. खिडकीशी बसून गल्लीकडे बघत राहिली. आईचं ते वाक्य तिने अनेक दिवसांनी मनात पूर्ण म्हणून पाहिलं.

पुढच्या रविवारी बापू, छोटी आणि आर्किटेक्ट खोलीवरच आले. खुर्ची एकच, म्हणून आर्किटेक्ट उभा राहिला आणि भावंडं पलंगावर बसली. नवा नकाशा आणला होता. यावेळी खरोखर जमलं होतं, असं बापू म्हणाला. आईची खोली वाचत होती. रस्ता थोडा वळसा घेऊन जात होता. त्यासाठी फक्त बैठकीचा एक कोपरा कापायचा आणि टाक्या तीनच्या चार करायच्या. इमारत नको, बैठी घरंही नकोत, मध्यम काहीतरी, यावर छोटीही आली होती. दोघंही दमलेली दिसत होती. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच ती एकमेकांच्या शेजारी बसून एकाच कागदावर बोट ठेवत होती, आणि ताईला त्यांचं वाईट वाटलं.

"मला त्या घरात नाही राहायचं," ती म्हणाली.

बापूला वाटलं ती बांधकाम चालू असतानाचं बोलतेय. तो म्हणाला, तेवढे महिने इथेच राहा ना, डॉक्टरबाई काही नाही म्हणणार नाहीत.

"तेव्हाचं नाही म्हणत मी. नंतरही नाही. घर पाडा. सगळं मोकळं करा आणि मग काय बांधायचं ते बांधा."

आर्किटेक्ट नकाशाकडे बघत राहिला.

"ताई, तुझ्यासाठी चाललंय हे सगळं," छोटी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "आम्हाला काय करायचंय त्या घराशी? तुझं आहे म्हणून तर."

"हो. माहितेय मला."

बापू उठून खिडकीपाशी गेला. त्याला राग आला की तो आधी पाठ फिरवायचा.

"एवढे रविवार आम्ही घसा कोरडा केला," तो म्हणाला. "तू चहा देत होतीस. तेव्हा का नाही बोललीस?"

ताई म्हणाली, "तेव्हा विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, घर राहू दे. खोटं बोलले नसते. मला तसंच वाटत होतं. दमलेल्या माणसाला आपल्याला काय हवंय तेच कळत नाही, बापू. त्याला फक्त पुढची चावी फिरवायची एवढंच कळतं."

मग तिने आई काय म्हणाली होती ते सांगितलं. छोटी रडायला लागली. बापू म्हणाला, आईने असं म्हणणं शक्य नाही, आणि निघून गेला.

तीन-चार आठवडे त्याने फोन केला नाही. छोटी मध्ये येऊन गेली, पण विषय टाळून बोलली. ताईला वाटलं, आपण मोडलं ते घर की आणखी काही? तिला झोप येईनाशी झाली. एकदा तर परत जावं, काय होतंय थोडी वर्षं, असंही मनात आलं. पिशवी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी रिकामी केली.

आणि मग एका सकाळी बापूचा फोन आला. तो घरात होता. रजा टाकून दोन दिवसांपासून तिथेच राहत होता. का, ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. पाणी येत नव्हतं.

"मागची चावी अर्धी फिरव," ताई म्हणाली. "उजवीकडे नको, डावीकडे. आता पुढची बंद कर. पूर्ण. आता पंप लाव आणि थांब. कुरकुरतोय?"

"कुरकुरतोय."

"बंद कर. दम खाऊ दे त्याला."

दोघंही फोन धरून थांबली. पलीकडून पंपाचा विझत जाणारा आवाज येत होता. मग बापू म्हणाला, "हे तू रोज करायचीस?"

"सकाळ-संध्याकाळ. आई होती तेव्हा दुपारीही."

बापूने बरंच काही बोलायला तोंड उघडलं असावं, कारण श्वास ऐकू आला. पण तो एवढंच म्हणाला, की लाव म्हणशील तेव्हा लावतो. ताई म्हणाली, आता लाव.

त्यानंतर गोष्टी फार लवकर झाल्या. घर वाटेतून हटल्यावर आर्किटेक्टचं कोडंच सुटलं. रस्त्यालगत पुढे तीन मजली इमारत, खाली गाड्या, आणि मागची जमीन झाडांसकट मोकळी. बापूला इमारत मिळाली, छोटीला झाडं. आर्किटेक्टने तो नकाशा एका बैठकीत काढला आणि आजवर कधी न दिसलेला उत्साह त्याच्या चेहऱ्यावर दिसला. छोटीने उत्तर कुठे आहे ते विचारलं, त्याने दाखवलं. इमारतीत छोटीच्या फ्लॅटशेजारी ताईचा फ्लॅट धरला होता. तिने तो नको म्हटलं. तिच्या वाट्याच्या बदल्यात दवाखान्याच्या गल्लीतच दोन खोल्या घेतल्या, तळमजल्यावर, मोठ्या खिडक्यांच्या. छोटीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. आपण शेजारी शेजारी राहिलो असतो, असं ती आजही म्हणते.

पाडकामाला ताई जाणार नव्हती. पण जमिनीखाली नळ्या कुठे कुठे गेल्या आहेत ते कंत्राटदाराला सांगायला कुणीतरी हवं होतं, म्हणून एक दिवस गेली. आईची खोली आधीच पडली होती. तिने नळ्या दाखवल्या, बाजूला जाऊन उभी राहिली. आपल्याला रडू येईल अशी तिने तयारी ठेवली होती, ते काही आलं नाही. मग स्वयंपाकघराची बाहेरची भिंत खाली आली आणि तिथल्या ओट्यावर, कधीही न पडलेलं, सरळ ऊन पडलं. ओटा केवढासा होता. त्याच्यापुढची फरशी झिजून खोलगट झाली होती, आई आणि नंतर ती जिथे उभ्या राहायच्या तिथे. एवढ्याशा जागेत आपण दोघींनी आयुष्य काढलं, असं तिच्या मनात आलं, आणि मग मात्र तिला खाली बसावं लागलं. कंत्राटदाराने पाणी आणून दिलं. पाठ का, म्हणून विचारलं. ती हो म्हणाली.

इमारतीचं काम सुरू झालं आणि रविवार मोकळे झाले. पहिल्या रविवारी ताईला फार बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी तिने दुपारपर्यंत तीन वेळा घड्याळ पाहिलं. भांडायला का होईना, इतके महिने तिघं एका टेबलाशी बसत होती. आई असतानाही एवढी बसली नव्हती. आता ठरवायचं काही राहिलं नव्हतं, तर येणार कशाला?

बापू आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एकटाच, रिकाम्या हाताने. खुर्चीत बसला. कामाची चौकशी झाली, छोटीच्या नातवंडाची झाली, त्याच्या शीतगृहातला एक कॉम्प्रेसर बिघडला होता त्याची झाली. ताईच्या टेबलावर अर्धी झालेली कवळी होती. ती परत कामाला लागली. मेण गरम करून ती एकेक दात बसवत होती आणि बापू पुढे झुकून बघत होता. इतक्या वर्षांत त्याने हे कधी नीट पाहिलं नव्हतं.

"हा असा थोडा वाकडा का बसवलास?" त्याने विचारलं.

"त्यांचा तसाच होता," ताई म्हणाली. "फोटो दिलाय त्यांनी. सरळ बसवला तर घरचे ओळखणार नाहीत म्हणाले."

बापू हसला. मग त्याने खुर्ची जवळ ओढली आणि फोटो कुठे आहे ते विचारलं.